झाकली मूठ आणि पलटणीचा अर्ज

कारखान्यांतून दिवाळीचा बोनस वाटला गेला, की पिंपरी-चिंचवडपासून थेट चाकणपर्यंतच्या बाजारपेठा कशा न्हाऊन-माखून उभ्या राहतात! निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण, कुठेही जा. दुकानाच्या दर्शनी भागी एकच मंत्र लिहिलेला आढळतो : ‘आज घेऊन जा, पैसे पुढच्या महिन्यापासून.’ १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस कामगाराच्या पदरात टाकला. तो पहिल्या हप्त्याला पुरतो आणि बाकीचे अकरा हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत सोबत करतात. ‘ऋण काढून सण’ हा आपल्या आजोबांच्या तोंडचा टोमणा होता. हल्ली ती दुकानदाराची जाहिरात झाली आहे, आणि खरे सांगायचे तर तिला कोणी फारशी नावेही ठेवीत नाही.

हप्त्याच्या कागदावर सही करणाऱ्या याच तरुणांपैकी काहींच्या टेबलाच्या खणात दुसराही एक अर्ज असतो. तो असतो प्रादेशिक सेनेचा. आणि हा अर्ज भरताना त्याच्या, त्याहीपेक्षा त्याच्या वडिलांच्या, मनात एक प्रश्न हटकून डोके वर काढतो : डोक्यावर कर्ज असले तर पलटणीत घेतात का? चौकशीला माणूस आला आणि त्याला हे सारे कळले तर?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मोशीच्या दोन खोल्यांच्या घरात तो क्षुल्लक नसतो.

आधी ही सेना म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुष्कळांना ती गृहरक्षक दलाचीच एक बहीण वाटते. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. तिचे रीतसर उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते झाले. कपिल देव आणि महेंद्रसिंग धोनी यांना लेफ्टनंट कर्नलचा मानाचा हुद्दा मिळाला तो याच सेनेत. पुण्यात मराठा लाइट इन्फंट्रीची १०१ वी प्रादेशिक पलटण आहे, कोल्हापुरास १०९ वी आहे. या सेनेची खुबी अशी, की तिला बेकार माणूस चालत नाही. अधिकारी व्हायचे तर वय १८ ते ४२ च्या दरम्यान हवे, पदवी हवी, प्रकृती धडधाकट हवी, आणि मुख्य म्हणजे उपजीविकेचे स्वतःचे साधन हवे. वर्षातील थोडे दिवस लष्करी शिक्षण, बाकी वेळ आपला लेथ, आपले ऑफिस, आपली शाळा. वेतन मिळते ते बोलावलेल्या दिवसांचेच. ही पूर्णवेळची नोकरी नव्हे आणि तिच्या भरवशावर संसार मांडू नये, असे सेनाच उमेदवाराला आधी बजावते.

म्हणून जो तरुण ‘पलटणीत गेलो म्हणजे कर्ज फिटेल’ अशा हिशेबाने अर्ज करतो, त्याचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. पण अशांची संख्या थोडीच असावी. पिंपरी ते चाकण हा पट्टा या सेनेला अगदी मानवेल असा आहे. येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, साठच्या दशकात मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, पुढे चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन आले. कमावता, कुशल, तिशीच्या आतबाहेरचा माणूस हेच तर येथले पीक. आणि त्याच मातीत उगवणारे दुसरे पीक म्हणजे हप्ते : घराचा, दुचाकीचा, मोबाइलचा, बहिणीच्या लग्नाचा. (या भागात ‘हप्ता’ शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, तो येथे अभिप्रेत नाही.)

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रादेशिक सेनेच्या अधिकारीपदाच्या जाहिरातीत ‘उमेदवार कर्जबाजारी नसावा’ अशी अट नाही. लेखी परीक्षा, मुलाखत, सेवा निवड मंडळापुढची पाच दिवसांची कसोटी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्याची पडताळणी, असा हा मार्ग आहे. निवड मंडळापुढे उमेदवार जी माहिती भरून देतो तीत आई-वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न विचारलेले असते. कर्जाचा रकाना त्यात नसतो. पोलिसांच्या पडताळणीत विचारतात ते असे : कधी अटक झाली होती काय, खटला भरला गेला काय, शिक्षा झाली काय, कोर्टात काही प्रकरण चालू आहे काय. म्हणजे कर्ज या नावाने कर्ज कुठेच येत नाही. येते ते वेष पालटून, मागच्या दाराने. ती दारे कोणती हे एकदा समजून घेतले, की निम्मी धास्ती ओसरते. उरलेली निम्मी मात्र योग्य ठिकाणी जाऊन बसते.

पहिले दार चेकचे. कर्ज न फेडता येणे हा आपल्या कायद्याने गुन्हा नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीज विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, स्पष्ट सांगितले, की ज्याच्यापाशी खरोखरच नाही त्याला निव्वळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही. असून जो देत नाही त्याची गोष्ट वेगळी. परंतु देण्यापोटी दिलेला चेक न वटता परत आला, तर १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ खाली तो गुन्हा होतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, अथवा दोन्ही. येथे दिवाणी देणे फौजदारी होते, आणि ‘कोर्टात काही प्रकरण चालू आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ होते. गंमत अशी, की पुष्कळांना आपल्यावर असे प्रकरण आहे हेच ठाऊक नसते. कर्ज घेताना सहा कोरे चेक सही करून दिले होते, मधे घर बदलले, समन्स जुन्या पत्त्यावर गेले, चाळीतल्या नव्या भाडेकरूने ते परत पाठवले. काळेवाडीतून मोशीला, मोशीतून चाकणला अशी बिऱ्हाडे हलवणाऱ्या या पट्ट्यात हे अगदी सहज घडू शकते.

दुसरे दार पगाराचे. नोकरीवर असलेल्या उमेदवाराला वरिष्ठांचे ना-हरकत पत्र आणावे लागते. कोर्टाचा हुकूमनामा झाला तर पगारावर जप्ती येऊ शकते. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सोडून बाकीच्यावर. तो कागद कारखान्याच्या ऑफिसात येतो, आणि ना-हरकत पत्र ज्याच्या सहीने निघायचे त्याच्याच टेबलावरून जातो. कामगार पतसंस्थेच्या कर्जाची कपात तर पगारपत्रकावर सर्वांच्या डोळ्यांदेखत असते. तिला मात्र कुणी वाईट समजत नाही. नियमित कापला जाणारा हप्ता ही उलट माणसाच्या सचोटीची पावतीच.

तिसरे दार जामीनकीचे. याच्याविषयी थोडे सावकाश बोलले पाहिजे, कारण आपल्या मध्यमवर्गाचे पाय सर्वांत जास्त येथेच अडकतात. शेजारचा मित्र पतपेढीतून दोन लाख काढतो, दोन जामीनदार हवे असतात, चहा होतो, सही होते. करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. निम्मी नव्हे, नंतरची नव्हे, तितकीच. मित्राने हप्ते चुकवले की पतसंस्थेची वसुलीची नोटीस दोघांच्याही नावाने निघते. ज्याने एक पैसा घेतला नाही, त्याच्या नावापुढे थकबाकी लागते.

आणि तरीही जामीनकी ही काही नवी आपत्ती नव्हे. या भागाला तर तिची जुनी ओळख आहे. शिवाजीमहाराजांच्या भरतीचे वर्णन करताना ग्रँट डफने नमूद केले आहे, की महाराज प्रत्येक नवा माणूस स्वतः पारखून घेत आणि अनोळखी माणसाच्या इमानाबद्दल, चाकरीत आधीपासून असलेल्या कुणाची तरी जामीनकी घेत. चारित्र्य-पडताळणीचे हे सतराव्या शतकातले रूप! किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी ठेवण्याची त्यांची रीतही त्याच जातीची. एकाला फितवून किल्ला हाती येऊ नये, म्हणून अधिकार तिघांत वाटलेला. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेने वेढला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. किल्ला पडल्यावर खानाने त्याला मोगली चाकरी देऊ केली आणि त्याने ती नाकारली, असे इतिहास सांगतो. आज त्या किल्ल्याच्या पडक्या तटापासून थोड्या अंतरावर मोटारींचे सुटे भाग तयार होतात. शत्रू पैसा दाखवतो आणि माणूस काय करतो, ही कसोटी मात्र अजून तीच आहे.

मग कर्जबाजारी माणूस त्या कसोटीला उतरत नाही, असे समजायचे का? तसे समजणाऱ्याने थोरल्या बाजीरावाकडे पाहावे. मोहिमांच्या खर्चाने हा पेशवा कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला होता. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींसारख्या धनकोंपुढे त्याला पत्रांतून काकुळतीला यावे लागे. त्याच्या निष्ठेबद्दल कुणी शंका घेतल्याचे ऐकिवात नाही. कर्ज आणि बेइमानी यांचा संबंध इतका सरळ असता, तर मराठी रियासत नर्मदा ओलांडतीच ना.

तरीही जगभरच्या लष्करांना कर्जाची धास्ती वाटते, आणि तिला कारण आहे. अमेरिकन आरमारातला जॉन वॉकर नावाचा गृहस्थ एक दारूचा गुत्ता चालवीत होता. तो तोट्यात गेला, देणी झाली, आणि १९६७ च्या सुमारास तो सरळ वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीत जाऊन आरमाराच्या सांकेतिक लिपीचे कागद विकू लागला. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत ही दुकानदारी चालली. त्याच वर्षी, १९८५ मध्येच, त्यांच्या गुप्तहेर खात्यातल्या ऑल्ड्रिच एम्सने घटस्फोटाच्या खर्चाने कातावून हाच रस्ता धरला. तो १९९४ पर्यंत सापडला नाही. म्हणून अमेरिकेत गोपनीय कागद हाताळणाऱ्याला, मग तो पूर्णवेळ सैनिक असो की राखीव दलातला, एका लांबलचक फॉर्मवर थकलेल्या देण्यांचा पाढा वाचावा लागतो. त्यांच्या २०१७ च्या नियमावलीत ‘आर्थिक बाबी’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. पण ते नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. नोकरी गेली, आजारपण आले, घर मोडले अशा हाताबाहेरच्या कारणाने देणे झाले असेल आणि माणूस ते प्रामाणिकपणे फेडीत असेल, तर ते त्याच्या बाजूने धरायचे असे तेथे लिहिले आहे. तपासनीसाला काळजी वाटते ती जुगाराच्या देण्याची, ऐपतीबाहेरच्या उधळपट्टीची, आणि सर्वांत जास्त लपवलेल्या देण्याची. कारण जे लपवले आहे, ते उघड करण्याची धमकी देता येते. जे सर्वांना ठाऊक आहे, त्याची धमकी कसली देणार?

आणि केवळ पैशानेच माणूस घसरतो असेही नाही. २०२३ साली पुण्यात एका संरक्षण-संशोधन संस्थेच्या वरिष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली, तेव्हा पोलिसांनी सांगितलेली कथा मोहजालाची होती, कर्जाची नव्हती.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांसाठी १९६४ ची वर्तणूक नियमावली आहे. तिचा सतरावा नियम म्हणतो, की सरकारी नोकराने आपले खाजगी व्यवहार असे ठेवावेत की नेहमीचा कर्जबाजारीपणा किंवा दिवाळखोरी ओढवू नये. आणि देण्याच्या वसुलीसाठी कोर्टात कारवाई झालीच, तर तिची संपूर्ण हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी. देहूरोडच्या आयुध भांडारातल्या मुलकी कारकुनालाही हा नियम लागू. त्यात दोन शब्द मोलाचे आहेत, ‘नेहमीचा’ आणि ‘कळवावी’. एकदा घेतलेले गृहकर्ज नियमात बसत नाही. आणि संकट आलेच तर गुन्हा संकटाचा नाही, न कळवण्याचा आहे.

आता आपल्या घरी या. प्रसंग काल्पनिक आहे, पण घरोघरी घडेल असा. मुलगा टेबलाशी अर्ज भरीत बसला आहे. वडील पेपर वाचण्याचे सोंग करीत आहेत.

“अण्णा, त्या चेकच्या केसचं काय लिहू?”

“काही लिहू नकोस. तडजोड होत आलीये. दोन महिन्यांत मिटेल.”

“पण विचारलंय इथे, केस चालू आहे का म्हणून.”

“विचारतात रे सगळ्यांना. घरातली गोष्ट घरात राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

अण्णा वाईट माणूस नव्हेत. त्यांनी आयुष्यभर मूठ झाकूनच इभ्रत सांभाळली. धाकट्या भावाच्या शिक्षणाचे कर्ज त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. सोने बँकेत गेले तेव्हा ‘पॉलिश करायला दिलंय’ असे शेजारणीला सांगितले गेले. संसारात ही विद्या कामास येते, तिने लग्ने जुळतात, दुकानदार वाणसामान उधार देतो. पण सरकारी साक्षांकन-पत्रावर हीच विद्या मुलाचा घात करते. एरवी माफ झाली असती अशी गोष्ट लपवल्यामुळे अक्षम्य होते.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाने बराच काथ्याकूट केलेला आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांतल्या भरतीच्या एका प्रकरणात न्यायालयाने फार उदारपणा दाखवला. तरुणपणी झालेल्या मारामारीची केस उमेदवाराने फॉर्मवर आधी लिहिली नव्हती. न्यायमूर्तींनी थेट व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पावाच्या लादीपायी आयुष्यभर चोर ठरलेल्या जाँ वालजाँचा दाखला देऊन त्याला पदरात घेतले. पुढे वेगवेगळ्या पीठांनी वेगवेगळे निकाल दिले, तेव्हा २०१६ च्या जुलैत अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सगळे सूत्र एकत्र बांधले. अटक, खटला, शिक्षा यांची माहिती खरी असली पाहिजे. दडपलेली किंवा खोटी नसावी. प्रकरण किरकोळ असेल तर सरकार दडपणुकीकडेही काणाडोळा करू शकते. पण पद जितके नाजूक तितकी कसोटी कडक. आणि ज्याने चालू खटला स्वतःहून सांगितला, त्याला घ्यायचे की नाही हे सरकार सारासार विचाराने ठरवील. म्हणजे खरे सांगितले तर नोकरी मिळेलच असे नव्हे. पण खरे सांगणाऱ्याच्या बाजूने बोलायला काहीतरी असते. लपवणाऱ्याच्या बाजूने वकिलाखेरीज कुणी नसते.

जाता जाता हेही पाहून घ्या, की जेथे कर्जाविषयी अट उघड लिहिलेली असते तेथे गोष्ट निराळी होते. स्टेट बँकेत निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक, कर्जफेडीचा इतिहास खराब म्हणून रद्द झाली. कर्जे पुढे फेडली असे त्याचे म्हणणे होते, पण २०२५ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू उचलून धरली. अट जाहिरातीत होती, आणि लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने आपला सांभाळला पाहिजे, असा त्यामागचा विचार. बंदुकीच्या बाबतीत आपल्याकडे अजून तशी अट लिहिलेली नाही, हे लक्षात ठेवावे.

गावाकडे मात्र या झाकल्या मुठीची गंमत वेगळी आहे. पिंपरी-चिंचवड आज ज्यांनी भरले ते लातूर, बीड, जळगाव, बुलढाण्याकडचे. त्यांच्या वडिलांचे पीककर्ज सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कांत’ बँकेचा बोजा म्हणून लिहिलेले असते, आणि तो सातबारा कुणीही काढून पाहावा. शेतकऱ्याचे कर्ज असे चव्हाट्यावर, आणि त्याची कुणाला लाज नाही. लाज सुरू होते ती भाड्याच्या फ्लॅटमध्ये. पडताळणीचा कागद बहुधा या दोन्ही ठिकाणी जातो, सध्याच्या पत्त्याच्या ठाण्यात आणि मूळ गावच्या ठाण्यात. चाकणच्या बाबतीत आणखी एक घोळ : पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले, त्याआधी चाकण पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. ज्याची बिऱ्हाडे बदलली, त्याने आपल्या पत्त्यांची वर्षवार यादी करून ठेवली तर पुष्कळ हेलपाटे वाचतील.

सर्वांत वाईट दार आता शेवटी. ते खिशातच असते. मोबाइलवरून पाच मिनिटांत दहा हजार देणाऱ्या ॲपांचा सुळसुळाट झाला तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या एका कार्यगटाने पाहणी केली. २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत त्यांना सुमारे अकराशे कर्जाऊ ॲप सापडली, आणि त्यांतली सहाशे बेकायदा होती. ही मंडळी व्याजापेक्षा तुमच्या फोनमधल्या नावांवर जगत. कर्ज देताना संपर्कयादी, छायाचित्रे, सारे उचलून घ्यायचे आणि हप्ता चुकला की मामा, मेहुणी, साहेब सर्वांना फोन. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांनी संपर्कयादी आणि छायाचित्रांना हात लावण्यास बंदी केली. पण बेकायदा ॲप नियम पाळण्यासाठी जन्माला आलेले नसते.

घरगुती माणसाच्या दृष्टीने ही बदनामी झाली. पलटणीतल्या माणसाच्या दृष्टीने ती त्याहून भारी गोष्ट आहे. त्याच्या फोनमध्ये कंपनी कमांडरचा नंबर आहे, सोबत्यांची नावे आहेत, शिबिरातले फोटो आहेत. ती यादी कुण्या अनोळखी परदेशी संगणकावर पडली, आणि वरून ‘आम्ही तुझ्या साहेबांना सांगू’ अशी धमकी. ज्या फासाची लष्करे काळजी करतात तो हाच, आणि तो दहा हजारांत मिळतो. २०२० च्या जुलैत लष्कराने आपल्या लोकांना ८९ ॲप फोनवरून काढून टाकायला सांगितली होती, त्यामागे माहिती बाहेर जाण्याचीच चिंता होती. वीस लाखांचे गृहकर्ज असलेला अभियंता देशाला धोका नाही. दहा हजारांचे चोरटे कर्ज असलेला एखादे वेळी असू शकतो. रकमेचा येथे काही संबंध नाही.

तेव्हा अर्ज करण्यापूर्वी घरच्यांनी काय करावे? कर्जमाहिती संस्था देशात चार आहेत, आणि २०१७ पासून त्यांतल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. तो मागवून नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावा. ३०० ते ९०० मधला तो आकडाच सारे लोक पाहतात. मी म्हणेन, आकडा सोडा आणि यादी वाचा. न घेतलेले कर्ज आहे का, विसरलेली जामीनकी आहे का, ‘सेटल्ड’ असा शेरा आहे का. या शब्दाला आपण ‘मिटले’ असे समजतो. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पुरते दिले नाही’ असा आहे. चूक असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत ती सुटली नाही, तर २०२४ च्या एप्रिलपासून दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याची सोय आहे. मग आपल्या नावावर चेकचा खटला आहे का, ते कोर्टांच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहावे. हे काम दुपारच्या चहापूर्वी होते.

दुसरा विचार त्याहून व्यवहाराचा, आणि तो कुणीच करीत नाही. पलटणीचे बोलावणे आले तर हप्त्यांचे काय? हे आता पुस्तकी राहिलेले नाही. ६ मे २०२५ च्या हुकमाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेची माणसे बोलावण्याचा अधिकार दिला, आणि बत्तीस पायदळ पलटणींपैकी चौदा उभ्या करण्याची तजवीज केली, तीही २०२८ च्या फेब्रुवारीपर्यंतच्या मुदतीसाठी. नोकरदाराला धास्ती कमी. १९४८ च्या कायद्याप्रमाणे सेवेवरून परतलेल्याला मालकाने पुन्हा कामावर घ्यायचे आहे, आणि बोलावलेल्या काळात लष्कराचे वेतन मिळते. त्या काळात तो लष्कराच्या कायद्याखाली येतो, म्हणून दिवाणी कोर्टाला त्याचे ते वेतन जप्त करता येत नाही की देण्यासाठी त्याला अटक करता येत नाही. १९२५ चा एक जुना कायदा तर रणभूमीवर गेलेल्या शिपायाविरुद्धचे दिवाणी दावेही थोपवून धरतो.

पण बँकेचा हप्ता हा दावा नव्हे. तो पाच तारखेला खात्यातून जायचाच. अमेरिकेत सेवेवर बोलावलेल्या राखीव सैनिकाच्या जुन्या कर्जावरचे व्याज सहा टक्क्यांवर आणून ठेवण्याचा कायदा आहे. आपल्या १९२५ च्या कायद्यात तसे काही नाही. भोसरीत दोन यंत्रांचे वर्कशॉप टाकलेल्या माणसाला लेफ्टनंटचे वेतन मिळेल. परंतु यंत्रांचा हप्ता, गाळ्याचे भाडे, दोन कामगारांचे पगार आणि चाकणच्या कंपनीने दिलेली ऑर्डर यांना ते पुरायचे नाही. त्याने अर्जाबरोबरच सहा महिन्यांच्या हप्त्यांची बेगमी वेगळी ठेवली पाहिजे, खात्याचे अधिकार बायकोच्या किंवा भावाच्या नावे करून दिले पाहिजेत, आणि आपण कुणाकुणाला जामीन आहोत ते कागदावर लिहून तिच्या हाती दिले पाहिजे. हा कागद लिहिताना पुष्कळ संसारांत प्रथमच सारे कर्ज एका ठिकाणी मांडले जाईल. ती पलटणीच्या तपासनीसाच्या आधी ते वाचील, आणि तिचे प्रश्न त्याच्यापेक्षा अवघड असतील.